सायलस प्रिओलोचं घर

मी अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरातलं एक जुनं लाकडी घर आहे, मित्रांनो. मोठ्या भूकंपानंतर सायलस प्रिओलो नावाच्या सुताराने मला स्वतःच्या हातांनी बांधलं. चुलीवर लाल भात आणि खेकडे शिजायचे. ओसरीच्या छताला दर वसंतात निळा रंग लागायचा, म्हणजे भुतं आत येत नाहीत. भुतं खरंच कधी आली नाहीत. आले ते वकील.

सायलसच्या बापाला लहानपणी गुलाम म्हणून बाजारात विकलं होतं, आणि ती विक्री एका कागदावर लिहिलेली होती. त्यामुळे सायलसचा कागदावर विश्वास नव्हता. त्याने मृत्युपत्र केलंच नाही. "माझ्या रक्ताचा जो कोणी असेल, त्याचं हे घर," एवढंच तो म्हणाला आणि गेला. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. मीही अडाणीच.

पुढे त्याची नात हेस्टर माझ्यात राहू लागली. दोन पोरं वाढवली, छप्पर गळलं की स्वतः वर चढली. तिचा धाकटा भाऊ एझ्रा दर रविवारी तिच्या मागे लागायचा.

"ताई, कागद करून घे. घर अजून आजोबांच्याच नावावर आहे."

"असू दे की. ते काय परत मागायला येणार आहेत?"

"अगं, त्यांच्या वंशात आता एकसष्ट माणसं झालीत. सगळी मालक."

"होऊ देत. जमतात तेव्हा सगळ्यांना भात पुरतोच ना?"

एझ्रा हसला. मलाही हसू आलं. तिथेच आम्ही चुकलो.

त्या एकसष्टांतला एकजण दूर डेट्रॉइटला राहत होता. त्याने मला कधी पाहिलंही नव्हतं. त्याने आपला वाटा एका कंपनीला विकून टाकला. कंपनी कोर्टात गेली. घराचे एकसष्ट तुकडे करता येत नाहीत, म्हणून कोर्टाने अख्खं घर लिलावात काढलं. बोली लावण्याइतके पैसे हेस्टरकडे नव्हते. जिचा वाटा सगळ्यांत लहान, त्या कंपनीनेच मला विकत घेतलं.

जायच्या दिवशी हेस्टर सकाळपासून झाडत होती.

"ताई, आता कशाला झाडतेस? ते सगळं उखडणारच आहेत."

"दुसऱ्याच्या घरात केर टाकून जाऊ नये, एझ्रा."

सत्तर वर्षांत तिने मला पहिल्यांदाच दुसऱ्याचं म्हटलं. मला फार वाईट वाटलं.

आता माझ्यावर पितळी पाटी आहे, 'ऐतिहासिक वास्तू' अशी. पाटीवर साल आहे, सायलसचं नाव नाही. छप्पर गळत नाही. शनिवार-रविवार पाहुणे भाडं देऊन राहायला येतात, फोटो काढतात आणि जातात. चूल काढून तिथे फुलदाणी ठेवली आहे.

मित्रांनो, जुनी घरं जपा, असं मी सांगायला हवं. पण मला तर छान जपलंय. तुम्ही एवढंच करा, आज घरी गेल्यावर विचारा की घर कुणाच्या नावावर आहे. हेस्टर शहराबाहेर एका भाड्याच्या खोलीत राहते म्हणे. परवा ती समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहिली. एका पाहुणीने तिला हाक मारून विचारलं, "साफसफाईला आलात का?"

हेस्टर "नाही" म्हणाली आणि निघून गेली.