पंधरा मिनिटं

आमच्या मोटरसायकलवाल्यांच्या टोळक्यात शिस्त औषधालाही सापडायची नाही. नियम मात्र एक आहे आणि तो कुणी मोडत नाही. रस्त्याला फाटा आला की म्होरक्याच्या मागचा गडी तिथे थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो. सगळ्यात शेवटी नारिंगी जाकीटवाला येतो, मगच त्याने हलायचं. पंधरा मिनिटांत जाकीट दिसलं नाही, तर मागे फिरून शोधायला जायचं.

मागच्या वर्षी समुद्राच्या फाट्यावर मी थांबलो होतो आणि जाकीट होतं दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या अंगात. पाच मिनिटांतच मी वैतागलो. दाजी म्हणजे भेटेल त्याच्याशी गप्पा झोडत बसणारा माणूस. खाली समुद्र चमकत होता. मी निघालो. दुपारी एका ट्रकवाल्याला ते वळणाखाली पडलेले सापडले, तेव्हा धुगधुगी होती. संध्याकाळी गेले. मी सगळ्यांना सांगितलं, मागे जाऊन पाहिलं, कुठेच दिसले नाहीत. धादांत खोटं.

यंदा ताई म्हणाली, "मी येणार. त्यांची गाडी, त्यांचं जाकीट." बाह्या दोनदा दुमडून तिने ते घातलं. डोंगरभर गवत पिवळं पडलं होतं, वळणावळणाला दरी नव्याने उघडत होती, बाकीचे थांबून फोटो काढत होते. माझं कशातच लक्ष नव्हतं. त्या फाट्यावर मी मुद्दाम थांबलो.

सगळे पुढे गेले. दहा मिनिटं झाली. तेरा झाली. पंधरावं मिनिट भरलं तशी मी गाडी वळवली आणि घाट चढायला लागलो.

त्याच वळणावर ताई कठड्यावर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन. धडधाकट. मी गाडी लावून उतरलो.

"आलास," ती घड्याळ बघत म्हणाली.

"ताई, मागच्या वर्षी मी मागे आलोच नव्हतो."

"माहितीये. किनाऱ्यावरून फोटो पाठवला होतास मला. त्यात बाकीचे अजून हेल्मेट काढत होते, म्हणजे त्यांच्या मागोमाग पोचला होतास. तेवढ्यात कोण इथवर येऊन जातं?"

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून."

मला रडू आवरेना. तिने जाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"घाल. आता शेवटी तू. फाट्यावर मी थांबते." हेल्मेट चढवून तिने गाडी सुरू केली. "तू येईपर्यंत हलणार नाही."