मायेचं पांघरूण घातलेलं ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, पडद्याची वायर कॉम्प्युटरच्या पेटीला मागून जिथे खोचतात, तिथेच आत मी बसलेला असतो. मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. मी आकड्यांची चित्रं करतो आणि पडद्यावर पाठवतो. नाव मात्र पडद्याचं होतं. असो, त्याची आता सवय झाली आहे.

या घरातल्या ताईने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि मला आणलं. माझा पंखा पाहून मामा म्हणाला होता, "एवढा दिमाखाचा पंखा, आणि वारा कुणाला? स्वतःलाच!"

ताई एक कार्टून फिल्म करत होती. पाठीवर घर घेतलेलं कासव भाड्याची खोली शोधत हिंडतं आणि प्रत्येक घरमालक त्याला म्हणतो, "तुमचं घर आहे की!" त्या कासवाची मान, त्याचे ओशाळे डोळे, सगळं मी रंगवलं. फिल्म सोमवारी एका स्टुडिओला पाठवायची होती. आवडली तर ताईला तिथे काम मिळणार होतं. मलाही फार वाटत होतं की मिळावं.

कॉम्प्युटरला फिल्मची चित्रं जोडायचं काम लावून ताई शिकवणीला जायची. मग आई हलकेच यायची आणि धूळ बसू नये म्हणून चालू पेटीवर जुनं निळं ब्लँकेट घालायची, कडा नीट खोचून. आत माझा जीव गुदमरायचा. ब्लँकेटचे तंतू पंख्यात अडकत गेले.

एके दिवशी पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या. मग चौकोन. कासवाची मान एकीकडे, पाठ दुसरीकडे. मग अंधार. ताईने वायर बदलली, शेजाऱ्यांचा पडदा आणून लावला. फरक पडला नाही. थंड झालो की मी थोडा वेळ ठीक चालायचो, त्यामुळे सगळे आणखीच बुचकळ्यात पडायचे. पेटी मात्र कुणी उघडली नाही.

शनिवारी मामा आला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच निदान केलं.

"व्हायरस आहे हा. फॉरमॅट मारून सिस्टीम नव्याने टाकू."

"पण मामा, माझी फिल्म?"

"तिला कोण हात लावतंय? ती वेगळ्या ड्राइव्हवर आहे ना?"

"आधी पेनड्राइव्हवर घेऊ या का?"

"तेवढ्यात पुन्हा पडदा गेला म्हणजे? चालू आहे तोवर उरकू."

कोणता ड्राइव्ह पुसायचा, ते निवडायची वेळ आली आणि नेमका मी तापलो. अक्षरांवर रेघा पसरल्या. मामाने चष्मा वर केला, खाली केला. "हाच असणार, वरचा."

"मामा, थांब ना जरा," ताई म्हणाली. तोवर त्याने बटण दाबलं होतं.

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत फिल्म शाबूत होती. तिला काहीही झालं नव्हतं, फक्त ती मला दाखवता येत नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

मामा चुकीच्या ड्राइव्हवर नवी सिस्टीम टाकत राहिला आणि ती पुरी होता होता पडदा पुन्हा काळा झाला. तेव्हा कुठे त्याने पेटीचं झाकण काढलं. माझ्या पंख्यातून त्याने निळ्या तंतूंचा बोळा ओढून काढला. आईने तो ओळखला. मामाने मान खाली घालून ताईच्या रंगाच्या कुंचल्याने मला झाडलं. मी नव्यासारखा चालू लागलो आणि पहिलं काय दाखवावं लागलं, तर फिल्मची रिकामी जागा.

"आता दिसतंय ना गं नीट?" आईने विचारलं.

"हो, आई," ताई म्हणाली. "अगदी स्वच्छ दिसतंय."

मित्रांनो, तुमच्या पडद्यावर रेघा आल्या तर घाईने काही पुसू नका. आधी कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग वीज बंद करून पेटी उघडा, आमचा पंखा कशाने अडला आहे का तेवढं बघा. आणि चालू पेटीवर पांघरूण घालू नका, कितीही माया असली तरी.

सोमवार आला नि गेला. कासव ताईने पुन्हा काढलं नाही. आता ती शिकवणीच्या मुलांसाठी सरावाचे प्रश्न टाइप करते. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. ती दाखवायला माझ्या रंगांची गरजही नसते.