दोन्हीकडून कोरलेला धुरा

"बैल थांबव, देवीलाल."

वखराची लोखंडी पास धुऱ्याच्या गवतात शिरली होती. देवीलाल माझा धाकटा. ऐकूच आलं नाही असं त्यानं दाखवलं, आणि गवताचा पट्टा मुळासकट उलटवत वखर पुढं गेला. मी धुऱ्यावर बसले होते, ती उठून बैलांसमोर उभी राहिले. बैल थांबले. पोटचा थांबत नाही, पोसलेला थांबतो.

"कायले अडवते, याडी? तिकडून भिया रोज कोरून राह्यला, थे नाही दिसत तुले?"

"त्यालेही अडवलं. त्यानं तुहं नाव सांगतलं."

"मंग त्याच्याच समोर जाऊन उभी राह्य."

आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात, थोरल्या भावाला भिया. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमची दोन्ही वावरं टेकडीच्या उतारावर. वरचं थोरल्या भीमसिंगचं, खालचं देवीलालचं, आणि मध्ये आडवा धुरा. गाडी बैलासकट उभी राहील एवढा तो रुंद होता. त्यांच्या बापानं घातलेला.

माझ्या सासऱ्यानं जन्मभर बैलांवर मीठ वाहिलं. तो जमिनीवरून चालला, जमिनीत कधी उतरला नाही. भीमसिंगच्या बापानं पहिल्यांदा बूड टेकलं, आणि टेकलं तेही असल्या बरडावर. मी तांड्याच्या नायकाची लेक. बापानं मला दगडांत दिली याचा राग मी कधी लपवला नाही. पण त्या माणसानं वावरातला एकेक दगड उचलून उताराला आडवा रचला, त्यावर गवताचे गड्डे लावले, आणि वाट पाहत बसला. पावसाळ्यात वरून वाहत येणारी माती त्या दगडांपाशी अडायची. पोरं रांगती झाली, गुरामागं जाऊ लागली, तेव्हा कुठं नांगर खालच्या खडकाला खरडायचा थांबला.

एकदा नाल्यात त्यानं मला एक काळा दगड दाखवला. कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते त्याचे. नखानं खरवडलं तर बोटाला तांबूस भुकटी लागली.

"हा मरून राह्यला," तो म्हणाला. "दगड मेल्याशिवाय माती होत नाही."

"कधी होईल?"

"नातवाच्या नातवाले विचारजो."

"तवरोक काय खाऊ?"

"म्हनून तं आहे थे धरून ठेवाचं."

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो गेला. जाताना शुद्धीवर होता. वावर वाटा, धुरा वाटू नका, एवढंच पोरांना म्हणाला. दोघांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात माझी पोरं पहिल्यापासून हुशार.

मग भीमसिंगला वाटलं, एवढं गवत फुकट उभं आहे, पऱ्हाटीचं, कपाशीचं, एक ओळभर तास तरी निघेल. त्यानं एक तास काढलं. ते पाहून देवीलालनं खालून काढलं. पुढच्या सालात पुन्हा. भाऊ एक घास जास्त खातो की काय, या धास्तीनं दोघं दोन्हीकडून खात राहिले. गाडीएवढा धुरा आधी पायवाटेएवढा झाला, नंतर मी त्यावरून चालताना एका पायापुढं दुसरा पाय ठेवू लागले.

मी देवीलालचे बैल अडवले त्याच उन्हाळ्यात भीमसिंगची बायको मानीबाई वावरातून आली ती कपाळाला हात लावून. "याडी, आपल्या वावरात दगड वाढून राह्यले. मागच्या साली एवढे नोयते."

"दगड नाही वाढत, बाई. टकल्याचं डोस्कं वाढते का? केस जाते. तशी माती जाऊन राह्यली."

कुठं जात होती, तेही कळलं. सपाटीवरच्या गावचा फकिरा कळंबच्या बाजारात भेटला. त्याचं वावर आमच्या नाल्याच्या तोंडाशी. हसून म्हणाला, "काकी, तुमची माती लय गुनाची हाय. दर पावसाळ्यात माह्याच घरी मुक्कामाले येते." मी हसले नाही. घरी येऊन दोघांनाही सांगितलं. थोरला म्हणाला, त्याची गेली असंल. धाकटा म्हणाला, त्याची गेली असंल.

श्रावणात झड लागली. किती दिवस सूर्य नव्हता, कोण जाणे. एका दुपारी पाऊस असा काही आला की टेकडीच दिसेना. मी डोक्यावर पोतं घेऊन वावरात गेले. धुऱ्याच्या वर, भीमसिंगच्या वावरात, गुडघाभर पाणी तुंबलं होतं. खालच्या अंगाला खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार सुटली होती, करंगळीएवढी. धार निवळ होती तोवर मला भीती नव्हती. पाहता पाहता ती गढूळ झाली. गढूळ झाली म्हणजे धुरा आतून विरघळायला लागला.

मी तांड्याकडं तोंड करून दोघांच्या नावानं ओरडले. दोघं आले, कुदळ-टोपलं घेऊनच आले, एवढी अक्कल होती.

"वरून चार टोपले माती टाक त्या बिळावर," मी भीमसिंगला म्हटलं.

त्यानं पाण्याकडं पाहिलं, मग भावाकडं. "माह्या वावरातली कायले? पानी त्याच्या वावरात चाल्लं. माती त्यानं द्यावी."

"पानी कोनाचं हाय?" देवीलाल म्हणाला. "ज्याचं पानी त्याची माती."

"धुरा तू कोरला."

"सुरुवात कोनं केली, थे सांग ना आधी."

"सुरुवात तुमच्या बापानं केली," मी म्हटलं, "तुमाले पैदा करून."

भीमसिंगच्या हातातली कुदळ मी ओढून घेतली आणि जवळच, देवीलालच्या वावरात, मारली. ओली माती टोपल्यात भरली. उचलायला गेले तर देवीलालनं टोपल्याचा काठ धरला. मी ओढलं. त्यानं सोडलं नाही. माझ्या डोळ्यात पाहत नव्हता, पण सोडतही नव्हता. भीमसिंग वर उभा राहून पाहत होता.

आवाज फार झाला नाही. म्हशीनं डबक्यातून अंग काढावं, तेवढाच. बिळाच्या जागी घराच्या दारासारखी वाट झाली, आणि वरचं पाणी त्या दारातून निघालं. मग टोपल्याकडं कोणी पाहिलं नाही. भीमसिंगचं वावर दाराकडं सरकू लागलं. पऱ्हाटीची रोपं उभीच्या उभी चालत आली, दारातून गेली, देवीलालच्या रोपांना बरोबर घेऊन नाल्यात उतरली. धुरा दोन्ही बाजूंनी ढासळत गेला. आम्ही तिघं मागं सरकत राहिलो. शेवटी खडकावर उभे होतो, तेव्हा कळलं की तो खडक काल आमच्या पायाखाली हातभर खोल होता.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. वावराच्या जागी मुरूम आणि खडक, धुतलेल्या परातीसारखा. कडेकडेला कुठं माती राहिली होती. भीमसिंग दोर घेऊन आला. देवीलाल आधीच येऊन उभा होता. दोघं बराच वेळ इकडं तिकडं फिरले, पावलं टाकून पाहिली. मग भीमसिंग माझ्याजवळ आला.

"याडी, धुरा कुठून होता?"

मी जोडा काढून ठेवला आणि खडकावरून चालू लागले, सरळ रेषेत, जिथं तो होता तिथून. मला डोळे झाकूनही कळलं असतं. एक लेक वरच्या अंगानं येत होता, दुसरा खालच्या अंगानं, कोणी रेषेवर पाय ठेवत नव्हता. अशी मी नाल्यापर्यंत गेले आणि थांबले.

नाल्याचं पाणी अजून तांबडंच होतं.