चाळिसाव्याचे गहू

गावात कुणाच्याही घरी माणूस गेलं की थिआनोला बोलावणं यायचं. कोलिवा करायचा तर थिआनोनेच, असा शिरस्ताच पडून गेला होता. तसं पाहिलं तर मेलेल्याच्या नावाने उकडलेले गहू ते, त्यात काय मोठंसं? पण गहू फुलायला हवेत आणि फुटायला नकोत, कापडावर पसरून पार कोरडे व्हायला हवेत, वरचा पिठीसाखरेचा थर असा बसायला हवा की चर्चमध्ये दोन तास ताट राहिलं तरी त्याला पाणी सुटू नये. इथे भल्याभल्या हात टेकायच्या. थिआनोचा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला तेव्हा त्याचाही कोलिवा तिने स्वतःच केला होता, आणि भोवती बारा बायका अक्रोड फोडायला, बेदाणे निवडायला बसल्या होत्या.

आता तिचा झिसिस गेला होता आणि एकही बाई फिरकली नव्हती.

फिरकणार तरी कशा? झिसिस एकटा गेला नव्हता. भर दुपारी, दारूच्या अमलात, त्याने पुलाच्या कठड्यावर गाडी घातली आणि शेजारी बसलेल्या असिमिनालाही घेऊन गेला. असिमिना म्हणजे रिनिओची एकुलती एक मुलगी. एकोणीस वर्षांची, लारिसा शहरात नर्सिंग शिकत होती. बसची वाट बघत थांब्यावर उभी होती, याने गाडी थांबवली, ती बसली. एवढंच. दोघं एकाच घटकेला गेले, त्यामुळे दोघांचा चाळिसावा दिवसही एकच आला, नोव्हेंबरातला रविवार.

शुक्रवारी गावचे पाद्री पापा-सोतिरिस येऊन गेले. खुर्चीत बसले, घसा साफ केला, कॉफीला नाही म्हणाले. तेव्हाच थिआनोने ओळखलं की काहीतरी गळ्यात घालायला आलेत.

"थिआनो, तू पुढचा रविवार घे ना. काय बिघडतंय?"

"पापा, चाळिसाव्या दिवशी आत्म्याची जागा ठरते असं तुम्हीच सांगता ना? मग माझ्या पोराने आठवडाभर बाहेर ताटकळत उभं राहायचं का?"

"लोक चिडलेत गं."

"चिडू देत. मला लोकांशी काय करायचंय?"

"कसं नाही? कोलिवा कोण खाणार, लोकच ना?" ते उठले. "मी एकाच प्रार्थनेत दोन्ही नावं घेईन. पण खा म्हणून कुणाला जबरदस्ती करता येत नाही मला."

पापा बोलले ते खरंच होतं. कोलिवा हातात घेतला की आधी म्हणायचं, 'देव त्याला क्षमा करो', आणि मगच तोंडात टाकायचा. न म्हणता खायचा नाही, आणि म्हणायचं नसेल तर हात लावायचा नाही. थिआनोला चाळीस दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. कुणाच्या तरी तोंडून झिसिससाठी तेवढे शब्द निघावेत. शक्यतो रिनिओच्या. जिचं गेलं तिने म्हटलं तर वर कुणाची हरकत उरणार होती? बाई अडाणी होती म्हणा हवं तर, पण आई होती, आणि तिचा हिशोब सरळ होता.

शनिवारी सकाळी तिने गहू धुतले, मोठ्या पातेल्यात चढवले, दोन तमालपत्रं आणि संत्र्याच्या सालीचा एक तुकडा टाकला. साल टाकायची तिची स्वतःची रीत होती, गावात दुसरं कुणी टाकत नसे. फेस काढता काढता ती पुन्हा त्या दुपारपाशी गेली. रोजच जायची.

त्या दिवशी तिने कोबीचे दोल्मादेस केले होते. तांदूळ-खिम्याची सुरळी, एकेक पान हातातल्या हातात मऊ करून भरलेली. पाहुणे टेबलावर बसले होते, झिसिसचे चार पेले झाले होते, पाचवा चालू होता. अंडी फोडून फेसली आणि मग ध्यानात आलं की घरात लिंबू नाही. अंडं-लिंबाच्या रश्शाशिवाय दोल्मादेस वाढायचे म्हणजे थिआनोची इज्जतच जायची. तिने झिसिसला आत बोलावलं. तो हसून म्हणाला, "आई, पाय लटपटतायत माझे." ती म्हणाली, "पायाने कुठे जायचंय? गाडीने जा. वीस मिनिटांचं काम." आणि खुंटीवरची चावी तिनेच काढून त्याच्या हातात दिली.

हे तिने पोलिसांना सांगितलं नाही, पापांनाही नाही. पोरगा कधी उठून गेला ते कळलंच नाही, असं ती सगळ्यांना सांगत आली. मेलेल्या मुलावर स्वतःचा दोष ढकलून मोकळी झाली होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुपारपर्यंत गहू उत्तम झाले. टेबलभर पांढरी चादर अंथरून तिने ते पसरले. तेवढ्यात मागच्या दाराने शेजारची लांब्रिनी आत घुसली.

"दार लोट आधी! मला इथे कुणी पाहिलं तर जीभ छाटतील माझी."

"काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? रिनिओकडे पाच बायका आणि पाच तऱ्हा. एक म्हणते शिजू दे, दुसरी म्हणते पाणी घाल, तिसरी झाकण ठेवून गप्पा मारत बसली. गव्हांची खिमट झाली बघ, खिमट! तान्ह्या पोराला भरवावी अशी."

"रिनिओ काय म्हणते?"

"तिला कुठे शुद्ध आहे! पोरीचे बूट घेऊन बसलीये पुसत. सकाळपासून तेच बूट." लांब्रिनीची नजर चादरीवर गेली. "आता नव्याने शिजवून वाळणार कधी? तू थोडे दे ना गं. मी कुणाला सांगायची नाही. आईची शपथ."

थिआनोने पसरलेल्या गव्हांकडे पाहिलं. असिमिनाच्या नावाने द्यायचे तर नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? पण दुसरंही काही मनात आलं, ते लपवायचं कशाला. झिसिसचं नाव घेऊन चढवलेलं हे पातेलं. यातले गहू रिनिओच्या ताटात गेले तर उद्या सगळं गाव क्षमा म्हणत म्हणत हेच खाईल. पोरीच्या नावाने म्हणेल, पण थोडी याच्याही वाट्याला येईल. देव काही एवढा कोता नसणार. तिने अर्ध्याहून जास्त गहू बांधून दिले, आणि वर सांगितलं, "साखरेखाली भाजलेल्या पिठाचा जाड थर दे. नाहीतर पाणी सुटेल."

"देव तुझं भलं करो," लांब्रिनी म्हणाली आणि गाठोडं पदराखाली धरावं तसं शालीखाली धरून पळाली.

रविवारी चर्चमध्ये दोन ताटं शेजारी शेजारी होती. पापांनी दोन्ही नावं एका दमात घेतली तेव्हा माणसांत कुजबुज झाली, एक बाई तर उठून बाहेर गेली. प्रार्थना संपली. रिनिओच्या ताटापुढे रांग लागली. एकेक जण कोलिव्याची पुडी घेई, तोंडात घास टाकी आणि म्हणे, "देव तिला क्षमा करो." कठड्याला टेकून उभी असलेली थिआनो प्रत्येक वेळी ओठांतल्या ओठांत पुटपुटे, "आणि त्याला."

तिच्या ताटाकडे कुणी वळलं नाही. एका म्हाताऱ्याने चुकून हात पुढे केला, तर त्याच्या बायकोने फटकन त्या हातावर मारलं. वर चंदेरी साखरगोळ्यांनी काढलेला क्रूस आणि झिसिसच्या नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं राहिलं. साखरेला पाणी सुटलं नव्हतं. इतका देखणा कोलिवा तिने आयुष्यात केला नसेल, आणि आज त्या देखणेपणाचीच तिला चीड आली.

सगळ्यांत शेवटी रिनिओने आपल्या ताटातला घास घेतला. चावता चावता ती थांबली. तिने मान वर केली आणि चर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ थिआनोकडे पाहिलं.

दुपारी ती थिआनोच्या घरी आली. दार न वाजवता आत आली आणि उभीच राहिली. चाळीस दिवसांत बाईची पार रया गेली होती.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या वेळी तू केलेलास, माझ्या आईच्या वेळी तू केलेलास. मला चव कळणार नाही वाटलं तुला?"

"तुमचे गहू बिघडले होते, म्हणून..."

"खोटं बोलू नकोस. त्याच्या नावाचे गहू माझ्या पोरीच्या ताटात घातलेस. चोरून क्षमा मिळवायला निघालीस?"

थिआनोने मान खाली घातली. "हो," ती म्हणाली. "सरळ कुणी देत नव्हतं."

रिनिओ खुर्चीत बसली. टेबलावर झिसिसचं ताट तसंच होतं, न मोडलेलं.

"मला एक सांग. मी दारोदार विचारलं, कुणाला माहीत नाही. एवढा प्यालेला माणूस घरात पाहुणे सोडून निघाला कुठे होता? माझी पोर कशापायी मेली ते तरी कळू दे मला. सांगितलंस तर मी यातलं खाईन. म्हणेन सुद्धा."

चाळीस दिवस हवं होतं ते समोर आलं होतं, आणि त्याची किंमतही. थिआनोला वाटलं, काहीतरी सांगावं. मित्राकडे, पेट्रोल भरायला, काहीही. रिनिओला पडताळून बघता येणार नव्हतं. पण पोराच्या नावाने मागायचं आणि पुन्हा त्याच्याच माथी खोटं मारायचं, हे तिला जमेना.

"लिंबं आणायला," ती म्हणाली. "मी पाठवला. तो नको म्हणत होता. पाय लटपटतात म्हणाला. चावी मी दिली."

"लिंबं?"

"दोल्मादेस केले होते. रश्शाला लिंबू नव्हतं."

रिनिओ रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर थिआनोला बरं वाटलं असतं. तिने नुसता हात पुढे केला, क्रूसाच्या मधोमध बोटं घातली, साखर मोडली, आणि मूठभर गहू काढले.

"देव त्याला क्षमा करो," ती स्पष्ट म्हणाली. "झिसिसला." आणि तिने ते गहू खाल्ले, सावकाश, एकही दाणा न सांडता. हाताला लागलेली साखर रुमालाला पुसली. थिआनो हुंदका आवरत तिचा हात धरायला पुढे झाली.

रिनिओने हात मागे घेतला.

"तू मरशील तेव्हा," ती उठत म्हणाली, "तुझा कोलिवा मी खाणार नाही. आणि का खात नाही, ते सगळ्या गावाला सांगेन."

"सांग," थिआनो म्हणाली.

रिनिओ गेली. थिआनो मोडलेल्या ताटापुढे बसली, आणि पोराची जागा आता ठरली असेल म्हणून तिने प्रथमच पोटभर रडून घेतलं. स्वतःच्या जागेबद्दल तिला काही शंका उरली नव्हती.