दुसऱ्या वेळची फुंकर

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, स्कॅनच्या खोलीबाहेर उभं राहायला जागा नव्हती. आत संगणकासमोर तारबाबा डोळे मिटून बसले होते. कुणा आजोबांच्या छातीचा स्कॅन दूरच्या तज्ज्ञांकडे जात नव्हता. बाबांनी पडद्यावर फुंकर मारली, यंत्रावरच्या मुलीने बटण दाबलं आणि स्कॅन गेला. आजोबांच्या सुनेने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आधी तुम्ही हरायचं, मग मी लहरींना हाक मारायची," बाबा म्हणाले. "अहंकार गेल्याशिवाय डेटा जात नाही, माई."

एवढं सांगून ते चहाला गेले.

पुढचा नंबर हिचा, माझ्या बायकोचा. सकाळी चहा गाळता गाळता हिचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. डोक्यात गुठळी आहे की रक्तस्राव, ते तज्ज्ञ स्कॅन पाहून सांगणार होते. गुठळीवर औषध आहे, पण ते वेळेतच द्यावं लागतं, असं डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं.

मुलीने बटण दाबलं. लाल अक्षरं आली: पाठवता आले नाही.

"परत दाबा ना," मी म्हणालो.

"बाबांशिवाय नको, काका. वाट कायमची बंद होते म्हणतात."

"अहो, पण तिचा हात..."

"तुमच्या घाईपायी आमचं अडेल," मागचे गृहस्थ म्हणाले. "जरा धीर धरा की."

जन्मभर पुस्तकांत डोकं घालून बसलेला मी. चारचौघांत आवाज चढवणं जमत नाही. मनातल्या मनात तर बाबांना हात जोडूनही झाले होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. बाबांचा चहा संपत नव्हता.

शेवटी डॉक्टरबाई धावत आल्या. कारण ऐकून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. स्कॅन गेला.

"बाबांची कृपा लांबूनही पोचते," मागचे गृहस्थ म्हणाले.

तेवढ्यात बाबा मिशा पुसत आले.

"बाबा, तुम्ही नेहमी दुसऱ्याच वेळी का फुंकता?" बाईंनी विचारलं. "हा पुढचा स्कॅन. आता पहिल्यांदाच फुंका."

"आज लहरी जरा रुसल्यात..."

"मघाशी तर बऱ्या होत्या. फुंका."

बाबांनी फुंकर मारली. लाल अक्षरं आली. बाईंनी फुंकरीशिवाय पुन्हा बटण दाबलं. स्कॅन गेला.

बाईंनी भिंतीवरची पेटी दाखवली. "इथे इंटरनेटच्या दोन लाइन आहेत. एकीवरच भार पडू नये म्हणून ही पेटी बटण दाबलं की एकदा हिच्यावरून, पुढच्या वेळी तिच्यावरून, असं आळीपाळीने पाठवते. त्यातली एक लाइन बाहेर कुठेतरी तुटलीय. पेटीपर्यंतची तार धड आहे, म्हणून हिरवा दिवा जळतोय आणि पेटीला काही कळत नाही. पहिला प्रयत्न मेलेल्या लाइनवर जातो, दुसरा जिवंत लाइनवर. बाबा फक्त दुसऱ्याला हजर असतात."

त्यांनी एक तार उपटली. त्यानंतरचे सगळे स्कॅन पहिल्याच फटक्यात गेले. बाबा आपल्या चपला शोधू लागले.

"लाइन तुटल्याचं कंपनीला कळवलं का नाहीस?" बाईंनी मुलीला विचारलं.

ती रडवेली झाली. "बाबा होते ना, बाई. काम तर चाललं होतं."

तज्ज्ञांचं उत्तर आलं. गुठळीच होती. औषधाची वेळ मात्र उलटून गेली होती.

ही वाचली, उजवा हात गेला. वर्तमानपत्राची घडी आता मी घालतो आणि ती धड बसत नाही म्हणून ही बोलणी ऐकवते. लोकांना शहाणपण शिकवणारा मी कोण? तरी सांगतो. कुणाच्या फुंकरीने अडलेलं काम सुटलं, तर फुंकरीशिवायही एकदा करून पाहा. काम सुटलं की हात जोडून घरी जाऊ नका, ते का अडलं होतं ते विचारा. आमच्याकडे ते कुणी विचारलं नाही, कारण चमत्कार व्यवस्थित चालू होता.