अर्जातला आजारी म्हातारा

टीनाच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पावसाळ्यात आलेले पत्र. धान कापून झाले, तरी दिले नाही. टीना माझी नात. अर्जुनी मोरगावला आईजवळ राहते, सातवीत शिकते. तिचे पोस्टकार्ड आले की त्याच दिवशी उत्तर टाकायचे, असा माझा नेम होता. माझ्या मुलाचा आणि रुचीचा, म्हणजे टीनाच्या आईचा, घटस्फोट झाल्यापासून मला फोन करायची भीती वाटते. कोण उचलेल, आपण काय बोलावे. कागदावर मी जरा बरा असतो.

पण या पत्रात लिहिले होते, ‘आबाजी, औषध वेळेवर घ्या. पप्पांनी पैसे कमी पाठवले तरी चालेल, तुमच्या दवाखान्याला लागतात ना. मी ट्यूशन सोडली. गणित मला घरीच येते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कोर्टाच्या पायऱ्यांवर तुमचा हात किती थरथरत होता.’

हात थरथरत होता हे खरे. आजार मला कुठलाच नाही. रोज सकाळी मी नागऱ्याच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो, आणि वाटेत भेटणारा जागेश्वर दरवेळी ओरडतो, “गुरुजी, हळू चाला ना जी! पोट्ट्यायले लाज आणून राहिले तुमी.”

माझा मुलगा उमेंद्र गोंदियात धानाची दलाली करतो. टीनासाठी दरमहा किती द्यायचे हे कोर्टाने ठरवून दिले होते. मग त्याने दुसरे लग्न केले, दुकान टाकले, हात आखडला. ती रक्कम निम्मी व्हावी म्हणून तो नंदलाल वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, नुसती मंदी सांगून भागत नाही, घरात काही बोजा दाखवावा लागतो. तेव्हा उमेंद्रला मी आठवलो.

अर्जाचा मसुदा त्याने माझ्याकडेच आणला. “तुमची भाषा चांगली आहे बाबूजी, जरा नजर टाका.” हायस्कूलच्या ग्रंथालयात मी नोकरी काढली, छापील कागद हातात आला की चुका आधी दिसतात. अर्जात होते, ‘अर्जदाराचे वृद्ध वडील सतत आजारी असून त्यांच्या औषधोपचाराचा संपूर्ण भार अर्जदारावर आहे.’ औषधोपचारातला ‘ष’ चुकला होता. तो मी पेनने दुरुस्त केला आणि कागद परत दिला. दुसरे काहीच बोललो नाही. तेव्हा काय वाटले होते, हे आता आठवून पाहतो. बहुधा काहीच वाटले नव्हते.

तारखेला मलाही नेले. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसवले. नंदलालने कुठूनशी एक काठी आणली. “बाबूजी, ये पकडो. सिर्फ बैठना है, कुछ बोलना नहीं.” मी ती धरली. न बोलण्याचा मला जन्मभराचा सराव आहे.

रुची टीनाला घेऊन आली. मला पाहून जवळ आली, वाकून नमस्कार केला. “तब्येत कशी आहे, बाबूजी?” मी मान हलवली, ती कोणत्याही अर्थाने घेता आली असती. टीना मात्र काठीकडे बघत राहिली. काम आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आबाजी, माझ्या खांद्यावर हात ठेवा. घाई नका करू.” पायऱ्या उतरताना तिने माझे वजन घेतले. मी दिले. उमेंद्र आणि वकील वरून बघत होते, म्हणून मी जरा जास्तच दिले. ती दात आवळून एकेक पायरी मोजत होती.

पुढच्या आठवड्यात पत्र आले. माझ्या बायकोला, शामकलाला, मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. टीनाची पत्रे मीच वाचून दाखवतो. हे वाचताना मधल्या ओळी गाळल्या. “औषध वेळेवर घ्या, असं लिहिते,” एवढे म्हणालो.

“कोनतं औषध?”

“असंच. म्हाताऱ्यांना लिहितात तसं.”

नंतर ती अधूनमधून विचारायची, “पोरीले काऊन लिवून नाई राहिले?” मी म्हणायचो, लिहितो. ‘मी बरा आहे’ एवढे लिहिले की उमेंद्रचा अर्ज कोसळत होता. ‘आजारी आहे’ लिहिले तर टीनाची ट्यूशन माझ्या अक्षरात सुटत होती. म्हणून मी कोरे कार्ड पुस्तकात ठेवून पुस्तके बदलत राहिलो.

परवा दुपारी उमेंद्र आला. पुढच्या तारखेला निकाल होता. रुचीच्या वकिलाने माझ्या आजाराचा पुरावा मागितला होता, म्हणून माझे प्रतिज्ञापत्र हवे होते: मला स्वतःचे उत्पन्न नाही, मी सर्वस्वी मुलावर अवलंबून आहे. माझी पेन्शन दर महिन्याला बँकेत येते, हे त्यालाही माहीत आहे.

“इथं सही करा. आणि तारखेपर्यंत फिरायला जाऊ नका. कोणी फोटो काढला तर?”

“ठेव,” मी म्हणालो. “वाचून करतो.”

“वाचा, वाचा. जिंदगी गेली, तुमचं वाचन काही संपत नाही.” तो हसला, पण थकलेला दिसत होता. “बाबूजी, मी काय पोरीचा दुश्मन आहे का? दुकान सावरलं की देईनच ना.”

मी प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवले. तो गेला. स्वयंपाकघरातून शामकला बाहेर आली. तिचे डोळे गेले आहेत, कान नाहीत.

“कोनतं औषध, ते आता समजलं मले. पत्र काढा. पुरं वाचा.”

मी पुरे वाचले. ट्यूशन वाचली, पायऱ्या वाचल्या.

“पोरीच्या खांद्यावर हात टाकून उतरले तुमी? असे धडधाकट?”

“हो.”

“उमेंद्रले दुकान आहे, बाई आहे. पोरीले कोन आहे? लिवा आता.”

“उमेंद्र काय म्हणेल?”

“ते मी आयकून घेईन. तुमी लिवा. तेवढंच तं येते तुमाले.”

मी लिहायला बसलो. चांगली वाक्ये आधी सुचली, ती खोडली. शेवटी उरले ते असे:

‘चि. टीना, मला कोणताही आजार नाही. औषध चालू नाही. त्या दिवशी मी नाटक केले आणि तुझ्यावर भार टाकला. मला शाळेची पेन्शन मिळते, तुझ्या पप्पांकडून मी काही घेत नाही. हे पत्र आईला दाखव. तिला ते तिच्या वकिलाला द्यायचे असेल तर देऊ दे. विचारले तर मी कोर्टात येऊन हेच सांगेन. ट्यूशन पुन्हा लाव. मला माफ कर असे लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, हे ठरत नाही, म्हणून लिहीत नाही. तुझे आबाजी.’

खाली पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख घालून सही केली. प्रतिज्ञापत्र सही न करता तसेच टेबलावर राहू दिले.

ऑटोने गोंदियाच्या पोस्टात गेलो. खिडकीवरच्या माणसाने पाकीट वजनकाट्यावर ठेवले. “स्पीड पोस्ट? अंदर क्या है बाबूजी, डॉक्युमेंट?”

“चिठ्ठी,” मी म्हणालो. त्याला ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. त्याने शिक्का मारला, पाकीट मागच्या थैलीत टाकले आणि पुढच्या माणसाला हाक दिली.