कोपऱ्यातली पिवळी वीज

"वीज आली! रोग गेला!"

अख्खा हॉल असा ओरडला की खालच्या टायरच्या दुकानातली माणसंसुद्धा माना वर करून बघायला लागली. आणि गर्दी काय म्हणता! जिन्यावर माणसं, खिडकीत माणसं, दाराशी चपलांचा एवढा ढीग की स्वतःची चप्पल सापडली तर तोच चमत्कार! स्टेजवर पेटीवाले बाबा. त्यांच्यापुढे लाकडी पेटी, पेटीला जोडलेला टीव्ही, पेटीवर तांब्याची ताटली. पेशंटनं ताटलीवर हात ठेवायचा, बाबांनी डोळे मिटायचे, चेल्यानं 'प्राणवायू' सोडायचा. प्राणवायू म्हणजे पेटीतच खोचलेला टीचभर पंखा हो! की लगेच टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळीधमक वीज. नागमोडी, लखलखीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"ही विश्वाची क्वांटम वीज!" बाबा घुमले. "डॉक्टरला यंत्र दिसतं, मला तंत्र दिसतं! वीज पडली की रोगाची राख. राखेला कुणी औषध देतं का रे?"

"नाही!" हॉल गरजला.

रांगेत पुढेच आत्या उभी होती आणि तिच्या दंडाला धरून खटपटी. खटपटी म्हणजे आत्याची भाची. घरातलं दिसेल ते यंत्र उघडून बसायची, म्हणून हे नाव. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं. आत्याला लहानपणापासून साखरेचा आजार, इन्सुलिनशिवाय गत्यंतर नाही. पण मागच्या खेपेला ताटलीवर हात ठेवला, वीज आली, आणि आत्यानं डोस निम्म्यावर आणला. आज पुन्हा वीज आली की इन्सुलिन कायमचं बंद, असा बाबांचा हुकूम! सगळ्या सुया पिशवीत भरून आणल्या होत्या तिनं, बाबांच्या पायाशी वाहायला.

"आत्या, ओठ बघ किती सुकलेत. सारखी पाणी पितेयस."

"रोग निघताना तहान लागतेच, बाबा म्हणालेत."

"आणि डॉक्टर काय म्हणाले ते?"

"डॉक्टरनं जन्मभर टोचलं गं मला. बाबांनी एकदा तरी टोचलं का?"

तेवढ्यात पुढच्या काकांचा नंबर लागला, पंखा भिरभिरला, टीव्हीवर वीज चमकली, आणि खटपटी दचकलीच. अरे, ही वीज तर काल आपल्या घरी आली होती!

झालं होतं असं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर आणला होता, आयुष्यात पहिल्यांदाच. मेमरी कार्ड उलटं घातलं, टीव्हीची वायर भलत्याच भोकात खुपसली, शेवटी एकदाचा सुरू झाला तर कोपऱ्यात ही पिवळी वीज! हिला वाटलं, वा, जोरात चाललंय! तर कसलं काय, यंत्र मध्येच बंद, पुन्हा चालू. कॉलेजच्या मॅडमना फोन केला तर त्या हसतच सुटल्या. "अगं, ते कौतुक नाही, तक्रार आहे! त्याला वीज कमी पडतेय. फोनचा जुना चार्जर लावलायस ना? बदल." नवा चार्जर तिनं आज सकाळीच घेतला होता. अजून बॅगेतच होता.

खटपटीनं पेटीकडे नीट पाहिलं. मागून लांबलचक, किडमिडीत वायर निघालेली. तिच्या टोकाला फोनचा जुनाट चार्जर.

"पुढे या, माई," बाबांनी आत्याला हाक मारली.

आपण चुकलो तर चारचौघांत आत्याचीच शोभा! पण तिनं दाराशी धाव घेऊन ढिगातली एक चप्पल उचलली आणि सरळ ताटलीवर ठेवली.

"बाबा, आधी हिला तपासा. फार झिजलीय बिचारी."

"अगं ए कार्टे!" चेला धावला, पण तोवर हिनं पंख्याचं बटण दाबलं होतं. वीज! लखलखीत!

मग मागून कुणीतरी, "चप्पल बरी झाली रे!" आणि हशा.

तेवढ्यात खटपटीनं जुना चार्जर काढून बॅगेतला नवा लावला. टीव्ही काळा झाला, पुन्हा उजळला. तिनं आत्याचा हात ताटलीवर ठेवला, पंखा लावला. पंखा भिरभिरतोय, बाबा पुटपुटतायत, घाम गाळतायत, आणि कोपरा कोराच!

"शंकेखोरांसमोर वीज येत नाही!" बाबा कडाडले.

"मग चपलेची श्रद्धा होती वाटतं?" खटपटी म्हणाली. "अहो, पेटीत छोटा कॉम्प्युटर आहे. हलका चार्जर त्याला कसाबसा पुरतो. पंख्याचा भार पडला की वीज कमी पडते, आणि ते यंत्र ही खूण दाखवून ओरडतं. तुमच्या आजाराचं त्याला काही म्हणजे काही कळत नाही!"

काही जण उठून गेले. काही जण मात्र तिच्यावरच खेकसले. आणि मघाचे काका कळवळून म्हणाले, "पण पोरी, मला खरंच बरं वाटलं होतं गं."

जिन्यात आत्या मटकन खाली बसली. "मला कळत नव्हतं असं नाही गं," ती म्हणाली. "मला सुई नको होती. म्हणून ती वीज खरी वाटली." खटपटीनं तिला उठवलं आणि तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखर बघितली आणि लगेच भरती करून घेतलं. आत्यानं स्वतःच पदर बाजूला करून दंड पुढे केला.

पण खरं सांगू? त्या दोघी जिना उतरत होत्या ना, तेव्हाच वर पुन्हा आरोळी उठली होती, "वीज आली! रोग गेला!" चार्जर परत जुना लागला होता.

म्हणून म्हणते, डोळ्यांना दिसलं ते खोटं नव्हतं, वीज खरीच होती. तिचा अर्थ तेवढा बाबांचा होता. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, पण हात लावून, उलटसुलट करून, वायर बदलून बघा. आणि जो तुम्हाला औषध सोडायला सांगतो, त्याला आधी म्हणावं, तू तुझा चार्जर बदलून दाखव.